बेसिनवरचा गणपती

"सर, दार! आधी दार उघडा!" संचिता ओरडली.

धम्मपालने धावत जाऊन लॅबचं दार उघडलं. रक्ताची ट्यूब तिच्या हातात तडकली होती आणि रक्त ग्लव्हजच्या आत, पार मनगटापर्यंत उतरलं होतं. ग्लव्हज उतरवून, दोन्ही हात पुढे धरून ती मानपाड्याच्या त्या रुग्णालयाचा अख्खा कॉरिडॉर पळत गेली. पेशंट बिचारे भिंतीला चिकटले. टोकाच्या बाथरूमपुढे रांग होती. रांगेतल्या एका म्हातारीने तिला पुढे जाऊ दिलं, म्हणून निभावलं.

परत आली ती रडतच. "लॅबमध्ये बेसिन आहे सर. पाणी पण आहे. आणि आपण हात धुवायला संडासात पळायचं!"

बेसिन होतं, हे खरं. पण त्याच्यावर गणपती बसला होता.

पूर्वी त्या नळाला पाणीच यायचं नाही. तेव्हा कुणीतरी बेसिनवर प्लायवूड टाकलं. रिकामी जागा आपल्याकडे कुणाला बघवते? लॅब झाडणाऱ्या विमलाबाईंनी तिथे पितळेची मूर्ती आणून बसवली. सकाळी फूल, संध्याकाळी दिवा. पुढे गच्चीवर नवी टाकी आली, पाणी थेट नळापर्यंत पोचलं, पण देवाला हलवायचं कुणी? मॅनेजरना विचारलं तर त्यांनी हात जोडले, तेही गणपतीला. डॉक्टर म्हणाले, सॅनिटायझर मागवा.

धम्मपाल इथला सर्वांत जुना टेक्निशियन. बोलायला हवं होतं ते त्यानेच. पण कल्याणला कोळसेवाडीत त्याच्या घरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरं कुणी बोललं असतं तर ती सूचना झाली असती. तो बोलला असता तर 'यांना आपले देव खुपतात' असं झालं असतं. म्हणून तो गप्प राहिला होता. आज संचिताला रडताना बघून त्याला त्या गप्प बसण्याचीच चीड आली.

संध्याकाळी विमलाबाई कचऱ्याच्या पिशव्या बांधून दिवा लावायला आल्या.

"मावशी, हात कुठे धुतलेत?" त्याने विचारलं.

"हे काय, सॅनिटायझर चोळलं ना." त्यांनी हात पुढे केले, मग सहज नाकाशी नेले आणि तोंड वाकडं केलं. "आमचे हे पिऊन यायचे ना, सेम वास."

 

विमलाबाई स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी मेली या हातांनी देवाला फुलं वाहते?"

"पाणी आहे मावशी, तिथेच खाली," तो धीर करून म्हणाला. "मूर्तीला मी हात लावणार नाही. काय ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी दिवा लावलाच नाही. काडेपेटी ठेवली आणि निघून गेल्या. घरी धम्मपालला अन्न गोड लागेना.

सकाळी तो पोचला तर लॅबपुढे गर्दी.  आत ठोकाठोकी चालली होती.

"अजून वर घे रे! देव आहे तो, फाइल नाय!" विमलाबाई इलेक्ट्रिशियनवर डाफरत होत्या. घरच्या मांडणीची फळी त्यांनी उचलून आणली होती. फळी भिंतीवर बसली, गणपती ऐटीत वर गेला आणि विमलाबाईंनी स्वतःच्या हाताने प्लायवूड उपटलं. खालून झुरळं पळाली. नळ आधी खोकला, मग तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. सगळी लॅब हंडी फुटल्यासारखी ओरडली. विमलाबाईंनी बेसिन घासून लख्ख केलं, कुणीतरी साबणाची बाटली आणून ठेवली, आणि संचिता बाह्या सरसावून पुढे झाली.

"थांब गं," विमलाबाई म्हणाल्या. "पहिला हात सरांचा."

"नको मावशी, तुम्ही धुवा. पूजा राहिलीय तुमची."

"देव थांबतो. बाकीच्यांची जीभ झडलेली काय? बोललात ते तुम्हीच. या इकडे."

धम्मपाल नळापाशी गेला. गावात त्याच्या आजीच्या ओंजळीत लोक वरून, अंग चोरून पाणी ओतत. ओतणारा येईपर्यंत ती उन्हात उभी राहायची, हे त्याने तिच्याच तोंडून ऐकलं होतं. इथे नळ त्याच्या मुठीत होता. त्याने तो पूर्ण सोडला. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, सगळं सावकाश धुतलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. कुणीही घाई केली नाही.

"आता जरा सरका की," विमलाबाई म्हणाल्या आणि त्याच धारेत, त्याच्या हातांशेजारी त्यांनी आपले हात धरले. मग त्या ओल्या हातांनीच जास्वंदीचं फूल उचललं आणि गणपतीला वाहिलं.