शून्याचा दाखला

डांबर कारखान्यामागच्या वसाहतीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरीच्या कट्ट्यावर कांडीबाबा उभा, हातात तांब्याची कांडी, आणि तोंडाचा पट्टा सुटलेला. "विष पाण्यात नसतं, मनात असतं! मन निवळलं की पाणी निवळलं!" बादलीत कांडी तीनदा फिरायची आणि बाटल्या पुढं यायच्या. शेजारच्या फलकावर प्रयोगशाळेचा अहवाल: डांबरी विष – शून्य. खाली सही धाकटीची.

ती सही बघून गर्दीतल्या थोरलीचा तिळपापड झाला. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच प्रयोगशाळेत. थोरलीची वीस वर्षं यंत्रापुढं गेली आणि मागून आलेली धाकटी प्रमुख झाली. आता वर्तमानपत्रात फोटोही तिचाच. याच वसाहतीत राहणारी आई भेटेल त्याला सांगत होती, "सही माझ्या लेकीची आहे हो!" अहवाल आल्यापासून तिनं टँकरचं पाणी सोडून विहिरीचं सुरू केलं होतं.

"जळतेस तू तिच्यावर," थोरलीचा नवरा म्हणाला.

"जळते. म्हणून काय पाणी शुद्ध झालं?"

दुसऱ्या दिवशी तिनं फाईल काढली. धाकटीची चूक सापडावी, एवढीच इच्छा. आत बाबाचा अर्ज होता: 'तपासणी यंत्राला विद्युत-फवारा लावूनच करावी.' चूक इथंच होती. थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग आईचा पाण्याचा पेला आठवला आणि तिची तिलाच लाज वाटली.

"यंत्र ठीक होतं, ताई. आकडा शून्यच आला," धाकटी चिडली. "तुला माझं काही बघवत नाही!"

"नाही बघवत. तरी आईला आणि चार लोकांना बोलाव. बाबालाही."

सगळे प्रयोगशाळेत आल्यावर थोरलीनं शुद्ध पाण्यात स्वतःच्या हातानं डांबराचा अर्क टाकला आणि ते यंत्राला दिलं. पडद्यावरची रेघ सपाट.

"बघा, मी विष घातलं, कांडी नाही की मंत्र नाही, तरी शून्य! हे यंत्र रेणूंचं वजन करतं, पण ज्याच्यावर विजेचा भार असेल त्याचंच. हा फवारा मिठाला भार देतो, कितीतरी औषधांना देतो. डांबरातले हे कड्यांना कड्या जोडलेले रेणू त्याला दाद देत नाहीत. भार नाही तर मोजणी नाही. आता फवारा काढून अतिनील दिवा लावते. त्याचा प्रकाश यांना भार देतो."

"त्या दिव्याचं ऐकू नका!" बाबा उसळला. "त्यात आधी टोल्युइन सोडावं लागतं, ते डांबरातूनच निघतं!"

थोरलीनं टोल्युइनची बाटली उचलली.

"सोडतेच की. दिव्याच्या मदतीला असतं ते, आणि नुसतं सोडलं तर काय दिसतं तेही आधी दाखवते," थोरली म्हणाली. "पण हे तुम्हांला कुठल्या साक्षात्कारात कळलं, बाबा?"

"पूर्वाश्रमात... यंत्रदुरुस्ती करायचो."

म्हणजे फवारा आंधळा कुठं, हे बाबाला पक्कं ठाऊक होतं. दिवा लागला. नुसतं टोल्युइन सोडलं तेव्हा पडद्यावर डांबराच्या जागी रेघ सपाटच राहिली. मग डांबर घातलेल्या पाण्याचे सुळके उठले. मग विहिरीच्या पाण्याचे. शेवटी कांडी फिरवलेल्या पाण्याचे, तेवढेच उंच. बाबानं दार गाठलं, तर तिथं वसाहतीची माणसं उभी होती.

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. अर्जात लिहिलं तसं तिनं तपासलं होतं, ही पद्धत का, हे विचारलंच नव्हतं. तिनं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर आपल्याच अहवालावर काट मारली.

आईचे डोळे भरून आले. "चूक कबूल करायला छाती लागते गं! लेक कुणाची!"

कौतुक पुन्हा धाकटीचंच. थोरली दारातल्या माणसांकडं वळली.

"मी हे शोधलं ते जळफळाटानं. माझा हेतू चांगला असेल असं समजून माझ्यावर विश्वास ठेवू नका. हिच्या सहीवरही ठेवू नका. 'काही सापडलं नाही' असं कुणीही सांगितलं, बाबा असो की प्रयोगशाळा, तर एकच विचारा: असतं, तर तुम्हांला दिसलं असतं का?"