पाच पूर्णांक एकचं गाऱ्हाणं

सुयोगचा बी.एस्सी.चा सीजीपीए पाच पूर्णांक एक होता. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या अर्जाला किमान पाच लागत. जागा वीस, अर्ज एकशे ऐंशी. गुणांबरोबर मुलाखतही धरणारं हे एकच कॉलेज होतं. इथे नाही झालं तर एम.एस्सी. विसरायची.

अर्जात रकाना होता : गुण कमी असल्यास कारण. खरं कारण असं, की दुसऱ्या वर्षी सुयोगने भांडुप ते मुलुंड पट्ट्यातल्या एकेचाळीस टेनिस-बॉल टुर्नामेंटांचा स्कोअर लिहिला आणि त्यातल्या तीन ऐन परीक्षेत आल्या.

"येडा आहेस का? टायफॉइड लिही," नाहूरची चुलतबहीण श्वेता म्हणाली. त्याने लिहिलं.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी सुयोगच्या वडिलांनी, सहदेवरावांनी, कोकणात गावी व्हिडिओ कॉल लावला. गावात महत्त्वाचं काम निघालं की देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगतो, जमलेले लोक होकार भरतात. मानकरी काशीरामकाका नारळ घेऊन तयार होते.

"पप्पा, टायफॉइड सांगायला सांगा ना."

"देवाला? त्याला काय सर्टिफिकेट दाखवणारेस?" म्हणत सहदेवरावांनी काकांना खरं ते सांगून टाकलं.

काकांनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! भांडुपच्या सहदेवाचो झील सुयोग पाच पूर्णांक एक घेऊन उभो आसा. टायफॉइड तेका झालो नाय, तो क्रिकेटचो स्कोर लिवीत होतो. आता कॉलेजात तो खरा बोललो तर तेका थंय घे. घेतलंस तर गावच्या टुर्नामेंटचो स्कोर तोच लिवतलो!"

"व्हय म्हाराजा!" अकरा जण म्हणाले. बारावा व्हिडिओ काढत होता. दुपारपर्यंत तो गावच्या ग्रुपवर आला. सदस्य दोनशे चौदा.

"वाट लागली," सुयोगने श्वेताला फोन केला.

"कॉलेजवाले गावच्या ग्रुपवर आहेत का रे? टायफॉइडच म्हण."

"अगं, पण अट घातलीय ना काकांनी!"

मुलाखतीत विभागप्रमुख क्षमा मॅडमनी अर्ज उलटला. "टायफॉइड कोणत्या महिन्यात झाला होता?"

"झाला नव्हता, मॅडम."

"मग का लिहिलंय?"

"बहीण म्हणाली म्हणून. पण रविवारी देवाला खरं सांगून झालंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सुयोगने सगळं सांगितलं, मग बॅगेतून स्कोअरच्या सात वह्या काढल्या.

"टॉस जिंकणारा मॅच जिंकतो का?" मॅडमनी एक वही चाळत विचारलं.

"तीनशे बारापैकी एकशे एकसष्ट मॅच. म्हणजे टॉसने काही फरक पडत नाही. कॅप्टनांना पटत नाही."

"मलाही पटत नाहीये. सिद्ध करा."

त्याने कागदावर करून दाखवलं. एका ठिकाणी चिन्ह चुकलं, ते मॅडमनी लाल पेनाने दुरुस्त केलं.

प्रतीक्षा यादीत त्याचा दुसरा नंबर लागला. चौथ्या दिवशी निवड झालेल्या विसांतले दोघे दुसरीकडे गेले आणि सुयोगला प्रवेश मिळाला. सहदेवरावांनी गावी फोन लावला.

"झाला मा?" काका म्हणाले. "आता चौदा डिसेंबराक ये. फायनल आसा."

पंधरा तारखेला सकाळी साडेदहाला पहिल्या सेमिस्टरचा पहिला पेपर होता.

"काका, तारीख बदला ना!"

"ती तुज्या कॉलेजाक बदलूक सांग. देवाक कळवून झाली."

सुयोगने पेपर पुढे ढकलण्याचा अर्ज उघडला. त्यातही कारणाचा रकाना होता. त्याने श्वेताला फोटो पाठवला.

तिचं उत्तर आलं : "या वेळी डेंग्यू."