खडूने आखलेलं नाव

सकाळी सात वाजता जहाज रुतलं. साल १८७४, महिना नोव्हेंबर. रंगूनहून तांदूळ घेऊन ब्रेमेनला निघालेलं ‘हेलेने’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज उत्तर समुद्रातल्या एका बेटासमोर, धुक्यात, वाळूच्या दांड्यावर चढलं. लगेच फुटलं नाही. तळाशी पाणी शिरलं, तांदूळ फुगू लागला आणि त्यानेच आतून फळ्या उचकटल्या. अकरा माणसं बुडाली. सात जणांची नावं चर्चला ठाऊक होती. रंगूनला चढलेल्या चार हिंदी खलाशांची नव्हती. वाहून आलेली त्यांची प्रेतं बेटावर बिननावाची पुरली गेली.

२००७ साली बेटाने या अकराजणांसाठी एक दगड उभारायचं ठरवलं. तिथल्या चर्चच्या पास्टोरिन, म्हणजे स्त्री-धर्मगुरू, हार्म्सबाई यांनी श्टुटगार्टच्या भारतीय मंडळाला विचारलं, त्या चौघांच्या वतीने प्रार्थनेला कोणी येईल का? एवढी लांबची ट्रेन, वर बोट, आणि ओळख ना देख. सगळ्यांनी अंग काढून घेतलं. मंडळातल्या, जवळच ब्योब्लिंगेनला राहणाऱ्या जीवनलाही जायचं नव्हतं. पण दापोलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आईने, मीराबाईंनी, फोनवरचं बोलणं ऐकलं आणि बॅग भरायला घेतली.

“अगं, तिथे आपलं कोण आहे?” तिच्या नवऱ्याने, यादवरावांनी, विचारलं.

“अहो, माझे पणजोबा खलाशी होते ना! रंगूनच्या बोटीवर गेले ते गेलेच. पणजीने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही.”

“म्हणून ते याच बोटीत?”

“मग कुठल्या? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.”

यादवरावांना ठाऊक नव्हतं. मे महिन्यात तिघंही बेटावर पोचले.

बेटावर बुडालेल्यांची आठवण करायची जुनी रीत होती. पास्टोरिन एकेक नाव वाचायची, घंटेचा एक टोल पडायचा आणि त्या घरचं कोणी असेल तर उभं राहून म्हणायचं, “आमचा.” सात नावं झाली. पाच जणांची माणसं उठली. आठवा टोल नावाशिवायच पडला. चर्चमध्ये कोणी हललं नाही. तेवढ्यात पांढरं पातळ सावरत मीराबाई उभ्या राहिल्या.

“सोननाक,” त्या म्हणाल्या. “माझे पणजोबा. आमचे.”

मग हात जोडून त्यांनी त्रिशरण म्हटलं. हार्म्सबाईंनी जीवनकडे पाहिलं. त्याने आईचं बोलणं जर्मनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. गाड्यांच्या कारखान्यात तो धडक-चाचणीचं काम करायचा. जे मोजलं तेवढंच लिहायचं, ही त्याची सवय. इथेही आपण फक्त भाषांतर केलं, साक्ष दिली नाही, असं त्याला वाटलं. बाहेर पडल्यावर म्हाताऱ्या बायका मीराबाईंचे हात हातात घेऊ लागल्या, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बेटाने ती साक्षच धरली आहे.

परतीच्या बोटीवर मीराबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

“पोराच्या लग्नात एवढी रडली नव्हतीस,” यादवराव म्हणाले.

“तेव्हा कोणी सापडलं नव्हतं.” मग त्या जीवनकडे वळल्या. “बाबा सांगायचे, दुष्काळात देशावरची माणसं घाट उतरून आपल्याकडे आली, पेजेलाही महाग झालेली. त्या साली पणजोबा गेले. आजोबा तेव्हा पोटात होते.”

जीवनने रेलिंगवरचा हात काढला. “नक्की दुष्काळातच, आई?”

“म्हणजे? पणजीला साल कोण सांगणार होतं? तिला दुष्काळ ठाऊक होता. त्या उपासात तिने पोर जन्माला घातलं.”

घाट उतरायला लावणारा तो दुष्काळ १८७६ चा. त्याच्या दोन वर्षं आधीच ‘हेलेने’ फुटलं होतं. यादवरावांनी जीवनकडे एकदा पाहिलं आणि पाण्याकडे तोंड फिरवलं.

जुलैत आईवडील दापोलीला परतले. ऑक्टोबरमध्ये हार्म्सबाईंचा फोन आला. “सात नावं कोरून झाली. आठवं पाथरवटाने खडूने आखून ठेवलंय. तुमच्या आईंचा शब्द आहेच. पण एकदा कोरलं की पुसता येत नाही. तुम्ही हो म्हणा, की छिन्नी लावू.”

“म्हणजे... उद्या कळवतो,” जीवन म्हणाला.

त्या चौघांतल्या कोणाची तरी वाट अशीच कुठल्या घरात पाहिली गेली असेल. दगडावरची त्याची ओळ सोननाकला द्यायची का? आणि नाही द्यायची, तर आईला काय सांगायचं? त्याने दापोलीला फोन लावला.

“आई, ते दुष्काळाचं तू म्हणालीस ना...”

“आधी सांग, कोरलं का रे?” मीराबाईंनी विचारलं. “मी इथे विहारात सगळ्यांना सांगितलंय. पौर्णिमेला पणजीच्या नावाने खीरदान केलं. म्हटलं, बाई, सापडले तुझे.”

“कोरतायत,” जीवन म्हणाला.

जहाज फुटल्याच्या तारखेला दगड बसवायचं ठरलं होतं. ती तारीख उलटली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दगड पाथरवटाच्या शेडमध्येच होता. आठवी ओळ अजून खडूत. पास्टोरिनबाईंनी पुन्हा दोनदा निरोप ठेवला आहे. जीवनने उलट फोन केलेला नाही.