चार दिवसांचा खेळ

करंजाड्याच्या वळणावर रिक्षा मंदावली आणि मितेशला विजेच्या खांबावर स्वतःचाच चेहरा दिसला. फ्लेक्समध्ये तो गोल्फची काठी उगारून हसत होता. वरच्या कोपऱ्यांत दोन पुढाऱ्यांचे जोडलेले हात होते आणि खालच्या वर्तुळांमध्ये गावच्या क्रिकेट संघातल्या मुलांचे गॉगल लावलेले चेहरे. मधोमध लिहिले होते : ‘आपल्या भूमिपुत्राचा खेळ पाहण्यासाठी रविवारी सकाळी चलो गोल्फ मैदान.’ निमंत्रक म्हणून त्याच्या वडिलांचे नाव होते.

रिक्षावाल्याने आरशातून आधी फ्लेक्सकडे आणि मग त्याच्याकडे पाहिले. तुम्हीच ना, असे विचारले. उतरताना तो भाडे घेईना. रविवारी मीही येतो बघायला, म्हणाला. मितेशने पैसे सीटवर ठेवले, काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेतली आणि आभार मानले.

त्याचा खेळ त्या शुक्रवारी दुपारीच संपला होता.

व्यावसायिक गोल्फची स्पर्धा गुरुवार ते रविवार अशी चार दिवस चालते. दोन दिवसांनंतर वरचे अर्धे खेळाडू उरतात; बाकीच्यांनी आपले सामान उचलायचे असते. यालाच कट म्हणतात. या हंगामात मितेश चंदीगड, दिग्बोई, कोइमतूर, अहमदाबाद असा फिरला होता. लॉजच्या खोलीत तिघेतिघे झोपायचे, गाडीत पिशवी पायाशी घेऊन बसायचे आणि बहुतेक शुक्रवारी यादीत आपले नाव रेषेखाली शोधायचे. हंगामाच्या शेवटी पहिल्या साठांत असणाऱ्यांनाच पुढच्या वर्षी खेळण्याचे कार्ड मिळते. शेवटची स्पर्धा योगायोगाने घराजवळ, खारघरच्या डोंगराकडे होती. तिथे चारही दिवस खेळता आले असते तर साठांत शिरण्याची शक्यता होती. एका फटक्याने हुकले असते तर निदान सांगण्यासारखी गोष्ट झाली असती. तो चार फटक्यांनी मागे राहिला. एकही मोठी चूक झाली नाही. प्रत्येक चेंडू जिथे पडायला हवा त्याच्या थोडा अलीकडे पडत गेला.

आधीचे कट हुकल्याचे घरी माहीत होते ते फक्त त्याची बायको अंकिता हिला. वडिलांना नव्हते. सारा गाव त्यांना दाजी म्हणे आणि मुलगाही तसाच हाक मारी. विमानतळासाठी गाव उठले तेव्हा दाजींची शेती आणि मिठागरातला वाटा दोन्ही गेले. मग नव्या वसाहतीतल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगण्यासारखे त्यांच्यापाशी एकच उरले होते : आमचा मितेश इंडियाभर खेळतो, चार-चार दिस.

खोटे बोलायचे असे त्याने कधी ठरवले नव्हते. पहिल्या वर्षी एकदा परतीचे तिकीट रविवारचे होते, म्हणून तो सोमवारी घरी पोहोचला. चारी दिस खेळलास का, असे दाजींनी जेवताना विचारले. तोंडात घास होता. त्याने मान डोलावली. पुढच्या वेळी शनिवारी परतणे अवघड झाले. मग हीच रीत पडली. कट हुकला की तो त्याच शहरात थांबे, उरलेले दोन दिवस सरावाच्या मैदानावर चेंडू मारी आणि सोमवारी घरी येई. या वेळी थांबायला परके शहर नव्हते.

अंकिताने दार उघडले आणि त्याच्याकडे पाहूनच तिला कळले. आत कमळाबाई, दाजींची थोरली बहीण, रविवारी कोणते लुगडे नेसायचे ते विचारत होती. वाशीच्या पाहुण्यांनाही निरोप गेला होता.

“आज सांगा,” अंकिता हळूच म्हणाली. “उद्यावर गेला का परत राहील.”

ते उद्यावर गेलेच. शनिवारी सकाळी दाजी ओट्यावर बसून फोनवर टेम्पोवाल्याशी बोलत होते, म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या टाक म्हणून सांगत होते. फोन ठेवला तेव्हा मितेश त्यांच्या शेजारी बसला आणि त्याने सांगितले. कट म्हणजे काय तेही सांगितले. अंकिता चहा घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

“पन खेल चार दिसांचा हाय ना?” दाजी शेवटी म्हणाले.

“हाय. माझा दोनच दिसांचा होता.”

“मंग त्या आसामला गेलेलास तवा?”

“तवा पन.”

“आनि कोइमतूर?”

दाजी मनातल्या मनात एकेक सोमवार मागे जाऊन पाहत असावेत. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरे, असे मितेशला वाटले.

“शनिवार-रविवार काय करीत होतास?”

“सराव.”

“एकलाच?”

“एकलाच.”

दाजींनी सुनेकडे पाहिले. “तुला ठाव होता?”

अंकिताने मान खाली घातली. “हां, दाजी.”

दाजींनी तिच्या हातातला चहा घेतला आणि न पिता ओट्यावर ठेवला. मितेशने कार्डाचेही सांगितले. पुढच्या वर्षी आता प्रवेश नाही. पुन्हा पात्रता फेरीतून यावे लागेल. मागच्या खेपेला ती पार व्हायला त्याची चार वर्षे गेली होती, आणि तेव्हा तो तरुण होता. हे दाजींना कितपत कळले ते समजायला मार्ग नव्हता. त्यांनी वेगळेच विचारले.

“तिकडं तुला नुसता चेंडू मारायला देतील?”

“सरावाच्या जागी देतील. ओळखीचे हायत.”

“मंग मार.”

“दाजी, लोकांना सांगू ना. नाय येनार कोनी.”

“फ्लेक्स काढता येल,” दाजी म्हणाले. “मानसांना काय सांगू?”

रविवारी दोन टेम्पो भरून लोक आले. क्लबच्या फाटकावर पहारेकऱ्याने बराच वेळ विचारपूस केली, मग मितेशला पाहून सर्वांना आत सोडले. सरावाचे मैदान खऱ्या मैदानाच्या अलीकडेच, दोरीच्या पलीकडे होते. बहुतेक खेळाडू आपापल्या वेळेनुसार पुढे निघून गेले होते आणि गवताच्या त्या लांब पट्ट्यावर कोणी उरले नव्हते. मितेशने स्पर्धेत घालायचा पांढरा शर्ट घातला होता. अंकिताने तो पहाटे इस्त्री केला होता. चेंडूंची बादली पायाशी ठेवून तो उभा राहिला आणि दोरीमागे दाजींनी खुर्च्या मांडून घेतल्या.

पहिला चेंडू सरळ गेला. टाळ्या पडल्या. दुसरा त्याहून उंच गेला आणि डोंगराच्या करड्या पार्श्वभूमीवर क्षणभर दिसेनासा झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पहारेकऱ्याने दुरून हात केला तेव्हा दाजींनीच त्यांना गप्प केले. मितेश मारत राहिला. खांदे मोकळे होते, मनगटे त्याचे ऐकत होती. सबंध हंगामात त्याचे इतके चांगले फटके पडले नव्हते. जिथे ठरवावा तिथे चेंडू पडत होता, आणि तिथे गवताखेरीज काही नव्हते.

“भोक कुठं हाय रं, दाजी?” कमळाबाईने विचारले.

“लांब हाय,” दाजी म्हणाले. “हितून दिसत नाय.”

इतक्यात विनायक तिथून चालला होता. तो मितेशबरोबर लॉजच्या खोल्या वाटून घेणारा. त्याचा कट पार झाला होता आणि त्याचा गट सुरुवातीच्या जागेकडे निघाला होता. त्याने खुर्च्या पाहिल्या, लुगडी पाहिली, मितेशचा इस्त्रीचा शर्ट पाहिला. क्षणभर थांबून तो सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मस्त चाललंय. ऑल द बेस्ट.” लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मितेशला पुढचा चेंडू मारण्याआधी दोनदा हात पुसावे लागले.

बादली संपली. चेंडू गोळा करणारा जाळीचा ट्रॅक्टर मैदानात उतरला, तेव्हा खेळ संपला असे लोक समजले. वाशीच्या पाहुण्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. जिंकला काय, असे कमळाबाईने त्यालाच विचारले. तो उत्तर शोधत असताना दाजी मध्ये आले.

“निकाल उद्या लागतो,” ते म्हणाले, आणि बहिणीचा हात धरून तिला टेम्पोकडे घेऊन गेले. त्या दिवसात त्यांनी मितेशच्या डोळ्यांना डोळे भिडवले नाहीत.

सोमवारी मितेश उठला तेव्हा दाजी घरात नव्हते. थोड्या वेळाने ते परत आले ते फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन. शेजाऱ्याने विचारले असावे. त्या खांबावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागणार आहे, असे ते त्याला सांगत होते. त्यांनी फ्लेक्स ओट्यावर पसरला, लाकडी पट्ट्यांचे खिळे एकेक करून उपटले आणि पट्ट्या बाजूला ठेवल्या. मग आत जाऊन काठ्यांची पिशवी आणली.

अंकिताने ओट्यावरचे खिळे वेचून घेतले.

दाजींनी पिशवी फ्लेक्सवर आडवी ठेवली आणि गुंडाळायला घेतली. छापील बाजू त्यांनी आत घेतली होती. कडा दुमडून, नायलॉनच्या दोरीने ते तीन ठिकाणी बांधू लागले, पूर्वी मिठाच्या राशींवर ताडपत्री बांधत तशी, गाठीवर गुडघा देऊन.

“धूल बसू नये म्हनून,” ते म्हणाले.

मग ते गाठोडे घेऊन घरातल्या माळ्याखाली येऊन उभे राहिले. ते ओझे त्यांच्या एकट्याच्याने वर चढणार नव्हते. मितेशने स्टूल आणले, त्यावर चढला आणि खाली वाकून हात पुढे केले.