दोन अर्जांतला एक पेला

निर्वासितांच्या या इमारतीत मला सगळे मास्तर म्हणतात. तिकडे शाळेत शिकवायचो, इथे लोकांचे आश्रयाचे अर्ज लिहून देतो. फुकट बरं का! हौस, दुसरं काय. मास्तरांच्या हातचा अर्ज ऑफिसर शेवटपर्यंत वाचतो, असं लोक म्हणायचे आणि मी शहाणा ते ऐकून फुगायचो.

कायदा तसा साधा आहे. जिथे जिवाला धोका, तिथे माणसाला परत धाडायचं नाही. पण धोका आहे हे आधी पटवायला लागतं, तेही टेबलापलीकडच्या अनोळखी माणसाला, तासाभरात.

शिंपीण माझ्या शेजारच्या खोलीत राहायची, दहा वर्षांच्या लेकीला घेऊन. तिचा अर्ज मीच लिहिला. नवऱ्याला न्यायला चार शिपाई आले. एकाने पाणी मागितलं, प्यायला, पेला नळाखाली विसळून पालथा घातला आणि मग नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो परत आलाच नाही. पेला विसळल्याचं तिने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्याच आठवड्यात पाववाला आला. त्याच्या भावालाही असंच नेलेलं. पण गडी बोलायला बसला की दगड. "आले, नेलं, संपलं." तीन पोरांचा बाप, आणि तोंडातून शब्द फुटेना. म्हटलं, याचं काही खरं नाही. या इमारतीत ज्याच्याकडे जे आहे ते तो देतो, चादर म्हणा, औषध म्हणा, चार्जर म्हणा. मी त्याच्या अर्जात तो पेला घातला. एवढंसं तर आहे, असं वाटलं मला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

पाववाल्याची मुलाखत आधी झाली. मंजूर! सगळ्या मजल्यावर चहा झाला.

शिंपिणीची मुलाखत त्यानंतर झाली. निकालात लिहिलं होतं, प्रसंग दुसऱ्या अर्जातून उचललेला दिसतो, अर्जदार विश्वासार्ह नाही. अपिलाला सात दिवस.

कागद घेऊन ती माझ्याकडेच आली. "मास्तर, उचललेला म्हणजे काय हो? नळ माझा, पेला माझा. मीच बघत उभी होते ना?"

मी सांगून टाकलं. ती गप्प राहिली असती तर बरं झालं असतं. मजला दणाणून सोडला तिने. "त्याचं शेवटचं तेवढंच होतं माझ्याकडे. तेही वाटून टाकलंत? कुणाला विचारून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लिहून द्या," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

दिलं लिहून. चार ओळी. प्रसंग हिचाच आहे, तो दुसऱ्या अर्जात मी घातला, हिला काही माहीत नव्हतं, खाली सही.

पत्र घेऊन आम्ही दोघं वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. "मास्तर, अर्जात खोटं घालतो असं तुम्हीच लिहून देताय, आणि हिचाही अर्ज तुमच्याच हातचा. मग हिचंच खरं, हे ते कशावरून मानतील? पाववाल्याचं कुटुंब मात्र नक्की परत जाईल. तुम्ही लिहिलेले बाकीचे सदतीस अर्जही उघडतील." मग शिंपिणीकडे वळून म्हणाल्या, "तरी तुम्ही म्हणाल तर दाखल करते."

शिंपिणीने पत्र हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिली. "मला काही मिळणार नसेल तर त्याची पोरं कशाला?" असं म्हणून तिने ते माझ्या खिशात कोंबलं.

पत्राशिवाय अपील गेलं. महिन्याभरात फेटाळलं. परत धाडायची बस दुसऱ्या दिवशी सकाळची.

त्या सकाळी तिने माझं दार वाजवलं. "ते पत्र आहे ना? लेकीला वाचून दाखवा. तिलाही आता वाटायला लागलंय, आई रचून सांगते."

पोरगी खोलीत गाठोड्यावर बसली होती. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, सहीसकट.

"काका," पोरगी म्हणाली, "तुम्ही खूप छान लिहिता."