पोटाशी शिवलेला शब्द

आमच्या शिवणाच्या दुकानात दोन मशिनी आहेत, समोरासमोर. एकीवर मी, दुसरीवर माझ्या वन्सं. नवरे गेले, पोरं पांगली, मशिनी तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकेक शब्द निवडतो आणि एप्रनच्या आतल्या बाजूला, पोटाशी येईल असा, हाताने शिवतो. वर्षभर मन भरकटलं की त्यावर हात ठेवायचा. जप म्हणा, लगाम म्हणा. अक्षरं मला वन्संनीच शिकवली, याच टेबलावर, कापड आखायच्या खडूने. तेव्हा माझे केस पिकायला लागले होते, त्यामुळे माझे शब्द आखूडच असतात.

यंदा वन्सं कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या, येत्या रविवारी, मशीन घेऊन. 'जाऊ नका' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, आता म्हातारपणी काय पसरायचा? म्हणून मी शब्द निवडला: सोड.

"काय घेतलंस?" वन्संनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"सोड."

"अगं बाई, संतपदाला पोचलीस की."

"तुमचं काय?"

"ठरत नाही. मोठा शब्द नको बाई. गेल्या वर्षी 'शांती' घेतली आणि वर्षभर गिऱ्हाइकांशी भांडले."

मी मान खाली घालून टाके घालत राहिले. डोळे भरून येत होते, सुईचं टोक धड दिसत नव्हतं. शेवटची गाठ मारली, दोरा कापला आणि दाखवायला एप्रन उचलला, तर त्याच्याबरोबर माझा झगाही गुडघ्यापर्यंत वर आला. एप्रन मांडीवर घेऊन शिवताना मी तो अंगावरच्या कपड्यालाच पक्का शिवून टाकला होता.

वन्सं हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. "पहिल्याच दिवशी चिकटलीस, वहिनी. नवशिकीसुद्धा असं करत नाही गं."

मग त्या माझ्यासमोर स्टुलावर बसून टाके उसवायला लागल्या. मला हलता येईना. तोंड फिरवायलाही जागा नव्हती.

"वन्सं, जाऊ नका," मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. "काय म्हणालीस?"

"मला एकटीला करमणार नाही. राहा. मागतेय तुमच्याकडे."

"इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?" त्या पुन्हा उसवू लागल्या. "मी वाट बघून थकले. आता लेकीला काय सांगू?"

"मी बोलते तिच्याशी. तिच्याकडेही मागते."

"अधूनमधून जाईन तिच्याकडे. तेव्हा रुसायचं नाही."

"थोडी रुसेन."

"थोडी चालेल."

मी दुसरा शब्द शिवला, 'माग', या वेळी एप्रन टेबलावर पसरून. वन्संनी 'थोडं' घेतला; तेवढं जमेल म्हणाल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा मागितला.

"शब्द मिळाला म्हणून माजू नकोस," असं म्हणत त्या आधण ठेवायला उठल्या.