आरशासारखी फरशी

खर्र... खर्र.

दुपारच्या निवांत घरात नखं फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि तिच्या हातातली सुई थांबली. ठकी आत झोपली होती, म्हणून मशीन बंद ठेवून ती एका गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण हातानेच उसवत बसली होती. पाच वर्षांच्या पोरीची झोप म्हणजे आईच्या वाट्याचा दीड तास. एरवी तेवढ्यात ती तीन पँटी हातावेगळ्या करायची. आज पहिलीच शिवण संपत नव्हती. चार वाजता जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी यायच्या होत्या.

खर्र.

शेठ उठायला बघत होता. पुढचे पाय रोवून छाती उचलायची, इथवर त्याला जमायचं. मागचा भाग मात्र ओल्या पोत्यासारखा जमिनीलाच धरून राहायचा. मग तो मान वळवून स्वतःच्या मागच्या पायांकडे बघायचा, जणू ते शेजाऱ्यांचे आहेत आणि चुकून आपल्याकडे राहिलेत.

"थांब रे राजा, आले." तिने जुन्या पडद्याची शिवलेली झोळी त्याच्या पोटाखालून सरकवली, दोन्ही टोकं धरून त्याला मागून उचललं आणि अंगणात नेलं. पुढचे दोन पाय त्याचे, मागचे दोन तिचे. तो तिथे उभा राहिला, थोडा वेळ वारा हुंगला आणि काहीच न करता परत फिरला. नुसतं उभं राहायचं होतं बहुतेक.

शेठ तेरा वर्षांचा कुत्रा. तिच्या लग्नाआधीचा, माहेरून बरोबर आलेला. लहानपणापासून पोट पुढे काढून, कुणाची घाई नसल्यासारखा चालायचा, म्हणून नाव शेठ. नवरा पहिल्यांदा तिला भेटायला आला तेव्हा शेठ त्याच्या बुटावर डोकं ठेवून झोपून गेला होता. "मला आधी शेठने पसंत केलं," नवरा सगळ्यांना सांगायचा, "हिने नंतर नुसती सही केली."

नवरा फरशीवाला. गावभर लोकांच्या घरात असा काही फरशी बसवायचा की गोटी ठेवली तर हलायची नाही. आणि स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार, तोच खरबरीत, टवके उडालेला कोबा. ठकी रांगायला लागली तेव्हा तिचे गुडघे सोलून निघायचे. "लोकांच्या पोरी आरशावर रांगतात, आणि फरशीवाल्याची पोर दगडावर," असं ती एकदा नाही, वर्षभर म्हणत राहिली. बोलून बोलून त्याचा जीव खाल्ला म्हणा ना. शेवटी तीन वर्षांपूर्वी त्याने आठ दिवस काम बंद ठेवलं आणि घरभर पांढरी, गुळगुळीत, चकचकीत फरशी बसवली. तोवर ठकी रांगायचं सोडून पळायला लागली होती. तरी ठकीची आई हरखली. सासूबाईंनीसुद्धा वाकून फरशीत आपला चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "बाई गं, मी एवढी म्हातारी झाले?"

शेठ त्या फरशीवर पहिल्याच दिवशी घसरला. मागचे दोन पाय दोन दिशांना गेले आणि तो बेडकासारखा पसरला. सगळे हसले. तीही हसली. ते हसू तिला अजून आठवायचं.

मग तो जिना टाळायला लागला. सकाळी उठताना कण्हायला लागला. भिंतीला अंग घासत, कडेकडेने चालायला लागला. घरच्यांना वाटलं, वय झालं. सासूबाई आपले गुडघे चोळत म्हणायच्या, "आमची दोघांची एकच गाडी आहे, एकाच वेळी सुटणार." कुत्रं तक्रार करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून दाखवला. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसत नव्हता. वाटी उथळ, गोळा खडबडीत, मधली मऊ गादी झिजून गेलेली. "हे जन्मापासूनचं असणार," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं स्नायूंनी सांभाळून घेतलं. आता वजन कमी करायचं, रोज गोळी, महिन्याला एक इंजेक्शन, नखं आणि पंजातले केस कापायचे. लांब फिरवायचं नाही, पण थोडं थोडं रोज चालवायचं." मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात फरशी कसली आहे?"

"एक नंबर!" नवरा खुर्चीत सरसावून बसला. "मीच बसवली आहे. चेहरा दिसतो त्यात."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. खाली बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पाय घसरू नये म्हणून तो दर पावलाला सगळं अंग आवळून धरत असेल. दिवसभर. दुखऱ्या सांध्यावर."

घरी आल्यावर नवऱ्याने शेठला उचलूनच आत नेलं. तिच्या ओठांवर आलं होतं, मीच तर मागे लागले होते. पण ते तिने गिळलं.

मग जे जे करता येईल ते केलं. तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावून शेठला चार मोजे शिवले. शेठने ते एकेक करून काढले आणि सासूबाईंच्या पायाशी नेऊन ठेवले. "बघ, लेकरू मलाच देतंय," सासूबाई म्हणाल्या, "इथे कुणाला तरी माझ्या गुडघ्यांची कदर आहे." गोळ्यांनी फरक पडला. वजन चार किलो उतरलं. एकदा तर तो शेपटी हलवत अंगणाच्या फाटकापर्यंत धावला, आणि त्या एका धावण्यावर तिने पुढचे तीन महिने काढले.

एका रविवारी नवऱ्याने दगड कापायचं मशीन घरी आणलं. तोंडाला फडकं बांधलं आणि शेठच्या गोधडीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत, आपल्याच हाताने बसवलेल्या फरशीवर चरे पाडत गेला. हातभर रुंद पट्टा. घरभर पांढरी धूळ उडाली. काम संपल्यावर तो त्या पट्ट्यावर अनवाणी उभा राहिला, पाय घासून बघितला आणि झाडू घेऊन स्वतःच धूळ गोळा करायला लागला. आयुष्यात त्याने कुणाची फरशी खराब केली नव्हती.

शेठला ती वाट कळली. तो तिच्यावरूनच चालायचा. पण मागच्या सोमवारी ठकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला धडपडून रडली, आणि शेठ वाट सोडून सरळ तिच्याकडे धावला. पांढऱ्या फरशीवरून. एवढ्या घाईने तो तेरा वर्षांत कधी चालला नव्हता. मधेच पाय सटकला आणि त्यातल्या त्यात बऱ्या असलेल्या पायाच्या गुडघ्यातली, हाडं बांधून ठेवणारी दोरी तुटली. डॉक्टरीणबाईंनी मांडी आणि नडगी हातात धरून हाड पुढे सरकवून दाखवलं. "ऑपरेशन करता आलं असतं," त्या म्हणाल्या, "पण तोवर सगळा भार दुसऱ्या पायावर येईल, आणि त्याचा खुबा तर... शिवाय मूत्रपिंडंही आता कुरकुरतायत. भूल सोसायची नाही. दुखण्याची गोळीसुद्धा आता वाढवता येत नाही." पुढचं त्यांनी उघड शब्दांत सांगितलं नाही. दोन दिवसांनी नवऱ्यानेच फोन केला आणि आजचे चार ठरले.

"तीन वाजून गेले," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "पोरीला सांगितलंस?"

"ती झोपली आहे. उठेपर्यंत सगळं होऊन जाईल. मग सांगू, गेला म्हणून."

"गेला? कुठे गेला? त्याला फाटकापर्यंत जाता येत नाही हे तिला माहीत आहे."

"आई, मला नाही जमायचं तिला सांगायला."

"नको जमू दे. तरी सांग." सासूबाईंनी हात लांब करून शेठच्या कानामागे खाजवलं. "आपण लपवलं, तर ती पलंगाखाली शोधत बसेल. आणि मग आपण सांगू त्या कशावरच तिचा विश्वास बसणार नाही."

फाटक वाजलं. नवरा लवकर आला होता. नखांत सिमेंट तसंच. तो शेठशेजारी फरशीवर बसला, त्याचं डोकं आपल्या बुटावर घेतलं. शेठने डोळे मिटले.

"तू सांगतोस का ठकीला?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

तेवढ्यात ठकी दारात उभी. केस विस्कटलेले, एका गालावर उशीचा वळ. सगळे एकाच वेळी घरी, तेही खाली बसलेले, हे तिला नवीन होतं. ती नेहमीच्या सवयीने खरबरीत पट्ट्यावरूनच आली. तिने तो शेठचा रस्ता म्हणून केव्हाच मान्य केला होता. शेठच्या पंजापाशी त्याचा चावून चावून चपटा झालेला चेंडू पडला होता.

"शेठ, घेऊ?" तिने वाकून विचारलं आणि थांबली. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा धडा आईनेच गिरवून घेतला होता, आणि ठकीच्या लेखी शेठ दुसऱ्यांतच मोडायचा. शेठने एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. ते त्याचं हो. मगच तिने चेंडू उचलला.

"ठकी, इकडे ये." तिने पोरीला मांडीवर घेतलं. झोपेतून उठलेलं अंग ऊबदार होतं. "शेठचे पाय खूप दुखतात ना? आता ते बरे नाही होणार. औषधं संपली सगळी. म्हणून डॉक्टरीणबाई येतायत. त्या एक इंजेक्शन देतील. मग त्याला दुखणार नाही. अजिबात."

"मग तो धावेल?"

"नाही गं. मग तो झोपेल. आणि..." आवाज फुटला, तरी तिने वाक्य सोडलं नाही. "आणि परत उठणार नाही. कधीच."

ठकी चेंडू हातात फिरवत राहिली. आजीकडे बघितलं. बाबांकडे बघितलं, ते भलतीकडेच बघत होते. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, दार उघडून लागलं. शेठचे कान हलले. त्याने पुढचे पाय रोवले, छाती उचलली. खर्र. पाहुणा आला की उठून दाराशी जायचं, हे तो अजून विसरला नव्हता.

ठकीने त्याच्याकडे बघितलं आणि मग आईकडे वळून, अगदी हळू विचारलं,

"आई, तू त्याला विचारलंस?"